उन्हाळ्याची शाळा उभारणारे बिशप व्हिन्सेंट

ईस्टरचा सण पार पडला, की आपल्याकडील ख्रिस्ती मंडळ्यांना दुसऱ्या एका तयारीचे वेध लागतात. मुलांच्या परीक्षा संपतात, मे महिन्याची सुटी लागते आणि चर्चच्या आवारात, मंडपाखाली वा एखाद्या झाडाच्या सावलीत सुटीतील बायबल शाळा भरू लागते. रंगीत चित्रे, पाठांतराची वचने, गीते, शेवटच्या दिवशी बक्षिसे आणि खाऊ, असा तो मुलांच्या आनंदाचा सोहळा असतो. उन्हाळा आणि धर्मशिक्षण यांची ही सांगड घातली कोणी, असा प्रश्न मात्र सहसा कोणी विचारीत नाही. तिचे सारे श्रेय एकाच माणसाच्या पदरी घालणे न्यायाचे होणार नाही, हे आम्ही जाणतो. परंतु मेथॉडिस्ट मंडळीच्या इतिहासात उन्हाळ्याचे दिवस हे अभ्यासाचे दिवस व्हावेत, यासाठी ज्यांनी आपली हयात वेचली असे एक पुरुष अमेरिकेत होऊन गेले. बिशप जॉन एच. व्हिन्सेंट हे त्यांचे नाव. त्यांनी ज्या सरोवरकाठी आपली शाळा मांडली त्या शटॉक्वाचे नाव आपल्या वाचकांनी ऐकले असेल, ते बहुधा १२ ऑगस्ट २०२२ रोजी तेथील व्यासपीठावर लेखक सलमान रश्दी यांच्यावर झालेल्या प्राणघातक हल्ल्यामुळे. त्या व्यासपीठामागे जवळजवळ दीडशे वर्षांचा इतिहास आहे आणि तो या सत्पुरुषाच्या चरित्रापासून वेगळा काढता येत नाही.

व्हिन्सेंट यांचा जन्म २३ फेब्रुवारी १८३२ रोजी अलाबामा राज्यातील टस्कलूसा या गावी झाला. ते लहान असतानाच कुटुंब पेनसिल्व्हेनियात येऊन राहिले. घर अत्यंत धर्मनिष्ठ, काहीसे कडक. मुलगा बुद्धीने तल्लख आणि स्वभावाने गंभीर निघाला. वयाच्या पंधरा-सोळाव्या वर्षी तो गावच्या शाळेत शिकवू लागला आणि अठराव्या वर्षी, म्हणजे १८५० साली, त्याला मेथॉडिस्ट मंडळीकडून प्रवचन करण्याचा परवाना मिळाला. पुढे नेवार्क येथील एका विद्यालयात थोडे दिवस गेले तेवढेच. कॉलेजची पायरी काही त्याला चढता आली नाही. बरोबरीचे तरुण विद्यापीठांची पदवी घेऊन बाहेर पडत असताना आपण तेथवर पोहोचलो नाही, ही खंत व्हिन्सेंट यांनी मनात आयुष्यभर बाळगली. त्यांच्या पुढील कार्याचे मूळ आम्हांस या खंतीतच दिसते.

येथे मेथॉडिस्टांच्या एका जुन्या प्रथेची ओळख करून देणे अवश्य आहे. त्या काळचा मेथॉडिस्ट उपदेशक म्हणजे घोड्यावर बसून गावोगाव फिरणारा मनुष्य. त्याला कॉलेजात पाठविण्यास मंडळीजवळ ना पैसा होता ना वेळ. म्हणून मंडळीने त्याच्यासाठी चार वर्षांचा अभ्यासक्रम नेमून दिला होता. खोगिराच्या पिशवीत पुस्तके घालावीत, मुक्कामाच्या ठिकाणी दिव्याच्या उजेडात ती वाचावीत आणि वर्षातून एकदा मंडळीची परिषद भरेल तेव्हा वडीलधाऱ्या पाळकांपुढे परीक्षा द्यावी, अशी ती व्यवस्था होती. १८५३ साली न्यू जर्सीच्या परिषदेत दाखल झाल्यावर व्हिन्सेंटही याच वाटेने गेले. शिक्षकाविना, वर्गाविना, केवळ नेमलेल्या पुस्तकांच्या आधारे मनुष्य कोठवर जाऊ शकतो, याचा अनुभव त्यांनी स्वतःच्या देहावर घेतला होता. पंचवीस वर्षांनंतर तो सबंध राष्ट्राच्या उपयोगी पडावयाचा होता.

न्यू जर्सीतील मंडळ्यांत काम करीत असता त्यांनी मुलांसाठी एक नवा वर्ग काढला. त्याचे नाव पॅलेस्टाइन वर्ग. बायबलातील कथा मुलांना ठाऊक असतात, पण त्या ज्या भूमीवर घडल्या ती भूमी त्यांच्या डोळ्यांपुढे उभी राहत नाही, ही उणीव त्यांनी हेरली. म्हणून चर्चजवळच्या मोकळ्या जागेवर ते पवित्र भूमीचा नकाशा आखीत. येथे यार्देन नदी, येथे गालील सरोवर, हा हर्मोनचा डोंगर, असे म्हणत मुले त्यातून हिंडत. परीक्षेत उतरणाऱ्यास क्रमाक्रमाने बढती मिळे; प्रथम तो यात्रेकरू, मग त्या देशाचा रहिवासी, मग यरुशलेमचा निवासी. शिकणे आणि खेळणे यांतील भिंत पाडण्याची ही कला त्यांना कोणी शिकविली नव्हती.

१८५७ साली ते इलिनॉय राज्यात गेले. पुढच्या वर्षी एलिझाबेथ ड्यूसेनबरी यांच्याशी त्यांचा विवाह झाला. गॅलीना या गावी ते पाळक असताना त्यांच्या उपासनेस येणाऱ्यांत चामड्याच्या दुकानात काम करणारा एक अबोल गृहस्थ असे. तो म्हणजे युलिसिस ग्रँट. पुढे यादवी युद्धात उत्तरेचा सेनापती आणि नंतर राष्ट्राध्यक्ष झालेला तोच हा पुरुष. या स्नेहाचे फळ पुढे दिसेल. १८६२-६३ मध्ये व्हिन्सेंट यांनी युरोपचा आणि पॅलेस्टाइनचा प्रवास केला आणि ज्या भूमीचे नकाशे त्यांनी मुलांना शिकविले होते ती डोळ्यांनी पाहिली. परतल्यावर रविवारच्या शाळांच्या शिक्षकांसाठी त्यांनी नियतकालिके चालविली आणि १८६८ पासून न्यूयॉर्क येथे मेथॉडिस्ट मंडळीच्या रविवारच्या शाळांच्या कार्याची व साहित्याची धुरा त्यांच्याकडे आली.

त्या शाळांची स्थिती तेव्हा कशी होती? शिक्षक भाविक असत, पण शिकविण्याची तयारी शून्य. कोणी शेतकरी, कोणी दुकानदार, कोणी गृहिणी. रविवारी सकाळी पुस्तक उघडावे आणि सुचेल ते सांगावे. भक्ती असली म्हणजे ज्ञान आपोआप येते, असा समज रूढ होता. व्हिन्सेंट यांना तो साफ अमान्य होता. मुलांना हिशेब शिकविणाऱ्याची परीक्षा घेतली जाते, मग देवाचे वचन शिकविणाऱ्याची का घेऊ नये, हा त्यांचा रोखठोक प्रश्न होता.

आता उन्हाळ्याकडे वळू. मेथॉडिस्ट मंडळीचा आणि मोकळ्या आभाळाचा संबंध जुना आहे. जॉन वेस्ली यांनी १७३९ साली इंग्लंडमधील ब्रिस्टल येथे चर्चच्या भिंतीबाहेर येऊन उघड्यावर प्रवचने सुरू केली तेथून तो जडला. अमेरिकेत इसवी सन १८०० च्या सुमारास सीमेवरच्या रानांत छावणी-सभा भरू लागल्या. त्यांतील केन रिजची १८०१ च्या ऑगस्टमधील सभा विशेष गाजली. तिचे यजमान प्रेस्बिटेरियन होते, परंतु ही प्रथा पुढे आपलीशी केली आणि वाढविली ती मेथॉडिस्टांनी. सुगीची घाई ओसरली, की शेतकरी कुटुंबे गाड्या जुंपून निघत, झाडीत तंबू ठोकीत आणि आठवडाभर तेथेच राहत. रात्री मशालींच्या प्रकाशात प्रवचन चाले. पश्चात्ताप करणाऱ्यांसाठी पुढे बाके मांडलेली असत. लोक रडत, ओरडत, भूमीवर कोसळत. आपल्याकडील सप्ताह आणि जत्रा ज्यांनी पाहिल्या आहेत, त्यांना माणसांच्या त्या गर्दीची आणि त्या उत्कटतेची कल्पना येईल. पुढे मार्थाज व्हिनयार्ड, ओशन ग्रोव्ह अशा ठिकाणी याच छावण्यांची लाकडी घरांची टुमदार गावे झाली.

हजारो लोकांना त्या सभांत देव भेटला, हे नाकारण्याचे कारण नाही. व्हिन्सेंट मात्र त्यांच्याबद्दल साशंक होते. आठवडाभर उसळलेली भावना घरी परतल्यावर किती दिवस टिकते, हे त्यांनी पाळक म्हणून जवळून पाहिले होते. म्हणून १८७३ साली त्यांचे स्नेही लुईस मिलर यांनी शिक्षकांचे संमेलन शटॉक्वा सरोवराकाठी, छावणी-सभेच्या जागेवरच भरविण्याची सूचना केली, तेव्हा व्हिन्सेंट प्रथम बिचकलेच. मिलर हे ओहायोतील ॲक्रनचे कारखानदार. गवतकापणी यंत्राचे संशोधक म्हणून त्यांनी धन आणि कीर्ती मिळविली होती. परंतु त्यांचा जीव रमे तो रविवारच्या शाळेत. (थोर संशोधक एडिसन १८८६ साली त्यांचे जावई झाले.) झाडी, सरोवर आणि मोकळी हवा ही छावणीची देणगी घ्यावी आणि तिच्यात आरडाओरड्याऐवजी अभ्यास भरावा, हा मिलर यांचा युक्तिवाद. अखेर व्हिन्सेंट यांना तो पटला.

मंगळवार, दि. ४ ऑगस्ट १८७४ रोजी न्यूयॉर्क राज्याच्या नैर्ऋत्य कोपऱ्यातील त्या सरोवराकाठी रविवारच्या शाळांच्या शिक्षकांचे पहिले संमेलन सुरू झाले. ते दोन आठवडे चालले. श्रोते झाडांखालच्या बाकांवर बसत, तंबूंत राहत. संस्था मेथॉडिस्टांची, पण आमंत्रण सर्व पंथांना. पाठ कसा तयार करावा, मुलाला प्रश्न कसा विचारावा, फळ्याचा उपयोग कसा करावा, याची व्याख्याने झाली आणि शेवटी चक्क लेखी परीक्षा! पिकलेल्या केसांची माणसे झाडाच्या बुंध्याला टेकून, मांडीवर कागद ठेवून उत्तरे लिहीत आहेत, हे दृश्य छावणी-सभांच्या इतिहासात नवेच होते. रविवारी दरवाजे बंद असत. आगबोटीलाही त्या दिवशी धक्क्याला लागण्याची मुभा नव्हती. सरोवराच्या काठालगत पवित्र भूमीची मोठी प्रतिकृती मातीत घडविली होती. डोंगर, मृत समुद्र, यार्देन, छोटेसे यरुशलेम, सारे काही तेथे होते आणि सरोवर हाच भूमध्य समुद्र मानावयाचा. गंमत अशी, की सरोवर पडले नेमके उलट्या बाजूस. त्यामुळे त्या पॅलेस्टाइनात उत्तरेची दक्षिण झाली होती! न्यू जर्सीच्या अंगणात आखलेला नकाशा असा वीस वर्षांनी पायाखालचा प्रदेश झाला.

या पहिल्याच संमेलनात संयोजकांच्या मनात नसलेली एक गोष्ट घडली. दारूबंदीच्या चळवळीतील काही स्त्रिया तेथे एकत्र जमल्या आणि राष्ट्रीय संघटना स्थापण्याचा विचार त्यांनी पक्का केला. त्याच वर्षी नोव्हेंबरात क्लीव्हलँड येथे स्त्रियांचा ख्रिस्ती मद्यनिषेध संघ जन्मास आला. पुढे त्याच्या अध्यक्ष झालेल्या फ्रान्सेस विलर्ड यांचा आपल्या पंडिता रमाबाईंशी, त्या १८८६ ते १८८८ या काळात अमेरिकेत असताना, स्नेह जुळला. रमाबाईंनी १८८९ साली प्रसिद्ध केलेल्या ‘युनायटेड स्टेट्सची लोकस्थिती आणि प्रवासवृत्त’ या ग्रंथात विलर्डबाईंच्या व त्यांच्या संघाच्या कार्याचे आदराने वर्णन केले आहे. शटॉक्वाच्या झाडीत रुजलेल्या बीजाची वार्ता मराठी वाचकांच्या घरी पोहोचली ती अशी.

१८७५ च्या ऑगस्टमध्ये राष्ट्राध्यक्ष ग्रँट आपल्या जुन्या पाळकाच्या बोलावण्याला मान देऊन शटॉक्वाला आले आणि संमेलनाचे नाव देशभर झाले. दोन वर्षांनी घडलेला प्रसंग लहान आहे, पण व्हिन्सेंट यांच्या स्वभावावर तो अधिक प्रकाश टाकतो. १८७७ साली एका मूकबधिर वक्त्याने खुणांच्या भाषेत बायबलातील कथा सांगितल्या. सभा भारावली आणि टाळ्यांचा कडकडाट झाला. परंतु ज्याच्यासाठी त्या टाळ्या, त्याला त्या ऐकू येणार नव्हत्या. व्हिन्सेंट यांच्या हे ध्यानी आले. त्यांनी लोकांना हातरुमाल काढून हलविण्यास सांगितले. क्षणार्धात सारी सभा पांढऱ्या रुमालांनी फुलून गेली. तेव्हापासून रुमालांचे हे अभिवादन शटॉक्वाची रीत होऊन बसले.

परंतु उन्हाळा संपतो, तंबू उठतात, माणसे घरी परततात. मग वर्षाचे उरलेले महिने काय? छावणी-सभांविषयी जो आक्षेप त्यांनी घेतला होता तोच आता त्यांच्या संमेलनालाही लागू पडत होता. त्यावरचे उत्तर त्यांनी १० ऑगस्ट १८७८ रोजी जाहीर केले. ज्यांना कॉलेजला जाता आले नाही अशा स्त्रीपुरुषांसाठी घरबसल्या चार वर्षांचा वाचनक्रम त्यांनी सुरू केला. दरवर्षी पुस्तके नेमावयाची, गावोगावी वाचकांची मंडळे काढावयाची आणि चार वर्षे पुरी करणाऱ्यास प्रमाणपत्र द्यावयाचे. खोगिराच्या पिशवीतील तो जुना अभ्यासक्रम आता स्वयंपाकघरात, शेतावर आणि दुकानाच्या गल्ल्यापाशी येऊन पोहोचला. त्यात धर्मग्रंथांबरोबर इतिहास, शास्त्र, वाङ्मय सर्व होते. पहिल्याच वर्षी ग्रीन यांचा इंग्लंडच्या लोकांचा इतिहास नेमला गेला. कवी विल्यम कलन ब्रायंट यांनी या योजनेस पाठिंबा देणारे पत्र लिहिले होते. जूनमध्ये त्यांचे निधन झाले आणि ऑगस्टमध्ये त्यांचे पत्र सभेपुढे वाचले गेले. पत्रव्यवहाराचे काम केट किंबॉल या अवघ्या अठरा वर्षांच्या मुलीकडे सोपविण्यात आले. ते तिने १९१७ साली मृत्यू येईपर्यंत, म्हणजे जवळजवळ चाळीस वर्षे निभावले.

पहिल्या वर्षी आठ हजारांवर माणसांनी नावे नोंदविली. संयोजकांनी स्वप्नातही हा आकडा धरला नव्हता. वाचकांत स्त्रियांचा भरणा मोठा होता. भांडी घासता घासता, पाळणा हलविता हलविता चार वर्षे नेमाने वाचीत राहणे ही सोपी गोष्ट नव्हे, आणि म्हणूनच १८८२ साली सुमारे सतराशे जणांनी तो क्रम पुरा केला, यास आम्ही मोठे यश समजतो. त्यांच्यासाठी व्हिन्सेंट यांनी थाटाचा समारंभ योजिला. झाडीतील सोनेरी दरवाजा उघडला गेला, कमानींखालून मिरवणूक निघाली, लहान मुलींनी वाटेवर फुले अंथरली. पदवीदानाचा हा डामडौल काहींना हास्यास्पद वाटला. आम्हांस तसे वाटत नाही. ज्या दारातून स्वतःला आत जाता आले नाही, ते दार या पाळकाने दुसऱ्यांसाठी रानात उभे केले होते.

टीकाकारांची मात्र वाण नव्हती. जुन्या वळणाच्या मेथॉडिस्टांना वाटे, की प्रार्थनेच्या जागी ग्रीसचा इतिहास आणि रसायनशास्त्राचे प्रयोग आले. पश्चात्तापाचे बाक गेले आणि व्याख्यानाचे मेज आले. या तक्रारीत तथ्य मुळीच नव्हते असे म्हणवत नाही. सर्व ज्ञान देवाचेच, म्हणून ते पवित्र, ही व्हिन्सेंट यांची श्रद्धा. परंतु या श्रद्धेच्या छत्राखाली निव्वळ करमणूकही पुढे आत शिरली. १८९६ साली तत्त्वज्ञ विल्यम जेम्स तेथे आठवडाभर राहिले. सारे काही इतके नीटनेटके, सज्जन आणि सुरक्षित पाहून त्यांचा जीव गुदमरला आणि बाहेरच्या खडबडीत जगात परतल्यावर त्यांना हायसे वाटले. ही टीका मार्मिक आहे. पण जेम्स हे हार्वर्डचे प्राध्यापक होते. ग्रंथालयाची वाट त्यांना कोणी अडविली नव्हती.

याहून खोल विसंगती व्हिन्सेंट यांच्या स्वतःच्या ठायी होती. ज्या स्त्रियांच्या हाती त्यांनी पुस्तके दिली, त्यांनी मतपेटीपर्यंत जावे हे त्यांना मान्य नव्हते. स्त्रियांच्या मताधिकारास त्यांचा विरोध होता. तरीही १८९२ च्या उन्हाळ्यात सुझन अँथनी आणि अ‍ॅना हॉवर्ड शॉ यांनी शटॉक्वाच्याच व्यासपीठावरून मताधिकाराची बाजू मांडली आणि तेथे जमलेल्या स्त्रियांनी ती कान देऊन ऐकली. वाचावयास शिकविलेला मनुष्य पुढे काय वाचील आणि काय मागेल, हे शिकविणाऱ्याच्या हाती राहत नाही. व्हिन्सेंट यांना ते रुचले नसेल. पण व्यासपीठाचे दार त्यांनी लावून घेतले नाही, हे त्यांच्या बाजूने नमूद केले पाहिजे.

१८८८ साली मंडळीने त्यांना बिशप निवडले. १८८३ पासून शटॉक्वाच्या उन्हाळी वर्गांत हिब्रू शिकविणारे तरुण विल्यम हार्पर पुढे शिकागो विद्यापीठाचे पहिले अध्यक्ष झाले आणि उन्हाळी सत्राची कल्पना त्यांनी तेथे नेली. ओहायोतील लेकसाइड, मिशिगनमधील बे व्ह्यू अशा मेथॉडिस्ट छावण्यांनीही व्हिन्सेंट यांचा कित्ता गिरविला. १८९९ साली मिलर निवर्तले. व्हिन्सेंट यांनी १९०० पासून चार वर्षे झुरिक येथे राहून युरोपातील मंडळ्यांची देखरेख केली आणि १९०४ साली ते निवृत्त झाले. त्यांचे पुत्र जॉर्ज पुढे शटॉक्वाचे अध्यक्ष आणि नंतर रॉकफेलर प्रतिष्ठानचे प्रमुख झाले. ९ मे १९२० रोजी शिकागो येथे वयाच्या ८८ व्या वर्षी बिशप व्हिन्सेंट यांचे देहावसान झाले. त्यांना पत्नीच्या गावी, पोर्टव्हिल येथे मूठमाती देण्यात आली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये अमेरिकेतील स्त्रियांना देशभर मताधिकार मिळाला.

सरोवराकाठची ती शाळा आता एका पंथाची राहिलेली नाही. दर उन्हाळ्यात नऊ आठवडे तेथे व्याख्याने, संगीत आणि उपासना चालतात आणि १८७८ चे वाचक मंडळही अद्याप चालू आहे. काठावरचे ते मातीचे पॅलेस्टाइनही अजून आहे. मुले तेथे गालीलहून यरुशलेमापर्यंत चार ढांगांत पोहोचतात आणि उत्तर कोठे नि दक्षिण कोठे, यावरून मोठ्यांशी वाद घालतात.